कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचा दर्जा आणि त्यांचे आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उच्च दर्जाचे खाद्य दिल्याने कुत्र्याच्या किंवा मांजराच्या आरोग्यात खरोखर फरक पडतो का?

पडतो, मात्र हा फरक किमतीच्या चढत्या क्रमाने वाढत जात नाही. प्राण्याला सर्वाधिक लाभ होतो तो अपुऱ्या आहारावरून परिपूर्ण आणि संतुलित आहारावर येताना. परिपूर्ण आहार म्हणजे त्या जातीच्या प्राण्याला त्या वयात लागणारी सर्व प्रथिने, मेदाम्ले, जीवनसत्त्वे आणि खनिजे योग्य प्रमाणात असलेला आहार. ही पायरी ओलांडल्यावर मध्यम किमतीच्या चांगल्या खाद्यात आणि दुप्पट किमतीच्या खाद्यात निरोगी, प्रौढ प्राण्यासाठी दिसून येण्याजोगा फरक बराच कमी उरतो. आपण त्याला किती खाऊ घालतो, याचा परिणाम मात्र अखेरपर्यंत होत राहतो. पैसे मोजके असतील तर ते आधी परिपूर्णतेवर खर्चावेत, पाकिटावरच्या विशेषणांवर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग खाद्याचा 'दर्जा' कशावरून ठरवायचा?

पहिली कसोटी वर सांगितलेल्या परिपूर्णतेची आहे. दुसरी पचनीयतेची. प्रयोगशाळेतील साधी चाचणी खाद्यातील नायट्रोजन मोजून प्रथिनांचा अंदाज बांधते, परंतु ती प्रथिने आतड्यात किती शोषली जातील हे त्या आकड्यावरून कळत नाही. पाकिटावर सारखीच टक्केवारी असलेल्या दोन खाद्यांपैकी एकातील प्रथिने चांगल्या मांसाची किंवा अंड्याची असू शकतात, तर दुसऱ्यातील प्रथिने अतिउष्णतेने खराब झालेल्या मांसचुऱ्याची. घरच्या घरी याचा सुगावा विष्ठेवरून लागतो. पचणाऱ्या खाद्यावर विष्ठा आकाराने लहान, बांधीव आणि सहज उचलता येईल अशी होते. जे खाद्य खाल्ल्यावर कुत्रा दिवसातून चार-पाच वेळा भरपूर व सैल शी करतो, त्यातील मोठा भाग वाया जात असतो.

तिसरी कसोटी सातत्याची आणि सुरक्षिततेची. कच्च्या मालाची बुरशीजन्य विषांसाठी तपासणी होते का, प्रत्येक खेपेत पोषकांचे प्रमाण तेच राहते का, हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. तरीही खाद्यामुळे झालेल्या मोठ्या दुर्घटनांच्या मुळाशी बहुतेक वेळा याच गोष्टी होत्या. चौथी कसोटी खाद्य त्या विशिष्ट प्राण्याला साजेसे आहे का, ही. वाढत्या लॅब्रॅडॉरसाठी उत्कृष्ट असलेले खाद्य बारा वर्षांच्या, मूत्रपिंड थकलेल्या मांजरासाठी घातक ठरू शकते, मग त्याचा दर्जा कितीही वरचा असो.

पूर्वी कुत्री दूध-पोळी आणि भाकरी खाऊनच जगत होती. आता तयार खाद्याची गरज काय?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर दिले पाहिजे. कुत्र्याला पिष्टमय पदार्थ पचतात, ही गोष्ट खरी आहे. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की, पिष्ट पचवणारे विकर (एन्झाइम) तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या वस्तीत राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला. पण भाकरी पचणे वेगळे आणि तेवढ्यावर शरीर पोसले जाणे वेगळे.

हिशेब करून पाहू. एका पिल्लाला दोन पोळ्या आणि २०० मिलिलिटर गाईचे दूध दिले, तर पाण्याचा अंश वगळून सुमारे ८० ग्रॅम अन्न पोटात जाते. त्यात प्रथिने साधारण १३ ते १४ ग्रॅम, म्हणजे १७ टक्के, आणि कॅल्शियम सुमारे ०.३ टक्के भरते. वाढत्या पिल्लांसाठी अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या 'आफ्को' या संघटनेने ठरवलेले किमान प्रमाण प्रथिनांसाठी २२.५ टक्के आणि कॅल्शियमसाठी १.२ टक्के आहे. म्हणजे दूध घालूनही कॅल्शियम गरजेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकेच मिळते. शिवाय गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, जस्त आणि आवश्यक मेदाम्ले तुटपुंजी असतात, आणि अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नसल्याने जुलाब होतात. पाय बाकदार होणे, केस निस्तेज आणि राठ होणे, त्वचेला खवले सुटणे यांसारखी लक्षणे अशा आहारावरील पिल्लांत दिसली तर नवल नाही.

पूर्वीची गावातील कुत्री निव्वळ भाकरीवर जगत नसत. ती उंदीर, घुशी पकडत, खाटकाच्या दुकानामागची हाडे चघळत, मेलेल्या जनावरांवर ताव मारत. त्यांतील अनेक पिल्ले वर्षभराच्या आतच दगावत आणि त्याची नोंद कोणी ठेवत नसे. आज सदनिकेत राहणाऱ्या, साखळीला बांधून फिरायला नेल्या जाणाऱ्या कुत्र्याला हे पूरक अन्न मिळवण्याची वाटच उरलेली नाही. आपण ताटलीत जे घालतो तेच त्याचे सर्वस्व असते.

घरी शिजवलेले अन्न तयार खाद्यापेक्षा अधिक चांगले नाही का?

ताजे अन्न प्राण्यांना आवडते आणि ते चांगले पचतेही. अडचण संतुलनाची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय शाखेने कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषक घटक अपुरा होता, आणि ८३ टक्क्यांहून अधिक पाककृतींमध्ये एकापेक्षा जास्त घटक अपुरे होते. काही पाककृती तर पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. 'रोज वेगळे काहीतरी देऊ, म्हणजे आपोआप समतोल साधेल' ही समजूतही पुरेशी ठरत नाही, कारण बहुतेक पाककृतींत उणीव त्याच त्याच घटकांची असते.

कोंबडी-भात हे आपल्याकडचे आवडते उत्तर आहे. निव्वळ कोंबडीच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण कुत्र्यासाठी १:१ ते २:१ यांच्या दरम्यान असावे लागते. ते बिघडले की शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढून घेऊ लागते, आणि पिल्लांची हाडे किरकोळ उडी मारल्यानेही मोडतात. पोट बिघडले असताना दोन-चार दिवस कोंबडी-भात देणे योग्यच आहे; महिनोन्‌महिने त्यावरच ठेवणे योग्य नाही.

घरचेच अन्न द्यायचे असेल, तर प्राण्यांच्या पोषणाचे शिक्षण घेतलेल्या पशुवैद्यकाकडून त्या प्राण्याच्या वजनानुसार पाककृती आखून घ्यावी, आणि त्यात सांगितलेले खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण एकही दिवस वगळू नये. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडे त्यासाठी विचारणा करता येते.

आपल्या ताटातील उरलेले अन्न ही निराळी बाब आहे. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या, त्याहूनही अधिक मांजराच्या, तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने त्यांचा विषारीपणा जात नाही. मटणाच्या रश्शात कालवलेला भात म्हणूनच धोक्याचा. द्राक्षे व बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. शिऱ्यातील बेदाणे वेचून काढल्याशिवाय प्रसाद त्याच्यापुढे ठेवू नये. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल वापरलेली च्युइंगगम ही तर त्याच्या तोंडाशी येताच कामा नयेत.

मांजराला कुत्र्याचे खाद्य दिले तर चालते का? आणि कोकणात-गोव्यात मांजरे मासळी-भातावर वाढतात, त्याचे काय?

कुत्र्याचे खाद्य मांजराला कायमचे देणे हे त्याच्या डोळ्यांशी आणि हृदयाशी खेळणे आहे. मांजर हा पूर्णतः मांसाहारी देह आहे. त्याला टॉरिन हे द्रव्य शरीरात पुरेसे बनवता येत नाही, गाजरातील बीटा कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करता येत नाही, ॲराकिडोनिक आम्ल हे मेदाम्लही आयतेच मिळावे लागते.

टॉरिनचा इतिहास खाद्याच्या दर्जाविषयी बरेच काही शिकवतो. १९७५ मध्ये असे दिसून आले की, टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल नष्ट होत जाते. त्यानंतरही तयार खाद्य खाणारी मांजरे हृदय फुगून, त्याचे स्नायू पातळ पडून मरत होती आणि त्यामागचे कारण कोणाला उमगत नव्हते. १९८७ मध्ये डेव्हिस येथील पशुहृदयतज्ज्ञ पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, या मांजरांच्या रक्तात टॉरिन अत्यंत कमी होते आणि ते दिल्यावर बिघडलेले हृदय पुन्हा सुधारत होते. विशेष म्हणजे ही मांजरे त्या काळच्या मानकांप्रमाणे पुरेसे टॉरिन असलेले खाद्यच खात होती. डब्यात भरताना होणाऱ्या उष्णतेच्या प्रक्रियेमुळे त्यातील टॉरिन शरीराला पुरेसे उपलब्ध होत नव्हते. पुढे कंपन्यांनी प्रमाण वाढवले, आणि मांजरांचा हा आजार पाहता पाहता दुर्मीळ झाला. आज मांजराच्या सुक्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात किमान ०.२ टक्का टॉरिन असावे असा दंडक आहे. या दुप्पट आकड्यामागचे कारण तेच आहे. पोषणशास्त्रातील एवढ्याशा दुरुस्तीने किती जीव वाचले याचा विचार केला की मन कृतज्ञतेने भरून येते.

आता मासळी. शिजवलेली, काटे काढलेली मासळी हा मांजरासाठी उत्तम पूरक आहार आहे. मात्र काही जातींच्या कच्च्या मासळीत थायमिनेज हे विकर असते, जे ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. अशी मासळी रोज कच्ची खाणाऱ्या मांजराची मान छातीकडे झुकू लागते, चालताना तोल जातो, झटके येतात. शिजवल्यावर हे विकर निष्प्रभ होते. दुसरा धोका बांगडा, तारली अशा तेलकट मासळीवरच पोसलेल्या मांजरांना असतो: ई जीवनसत्त्व कमी पडून त्वचेखालील चरबीला सूज येते, मांजराला ताप येतो आणि नुसता हात लावला तरी ते कळवळते. बंदरावरच्या मांजरांना उंदीर, पाली, पक्षी यांची जोड मिळते. घरात कोंडलेल्या मांजराला ती मिळत नाही. त्याच्या आहारात मासळी-भाताचा वाटा थोडाच असावा आणि मुख्य भाग मांजरासाठीच बनवलेल्या परिपूर्ण खाद्याचा असावा.

सुके खाद्य चांगले की ओले?

दोन्ही परिपूर्ण असू शकतात. सुक्या दाण्यांत पाणी साधारण ८ ते १० टक्के असते, तर डबाबंद किंवा पाऊचमधील ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. मांजरे मुळातच कमी पाणी पितात, त्यामुळे लघवीच्या मार्गाचे विकार असलेल्या मांजरांना, विशेषतः बोक्यांना, ओल्या खाद्याचा उपयोग होतो. कुत्र्याच्या बाबतीत निवड सोयीची आणि खर्चाची आहे. सुके दाणे चावल्याने दात आपोआप स्वच्छ होतात, हा समज मात्र फारसा आधाराचा नाही. दात घासण्याला पर्याय नाही.

पाकिटावरचे लेबल कसे वाचावे?

सर्वांत आधी 'परिपूर्ण आणि संतुलित' या अर्थाचे विधान शोधावे, आणि ते कोणत्या वयासाठी आहे ते पाहावे: पिल्लांसाठी, प्रौढांसाठी की सर्व अवस्थांसाठी. 'पूरक' किंवा 'ट्रीट' असे लिहिलेले खाद्य मुख्य आहार म्हणून कधीही वापरू नये. मांजरांसाठीच्या अनेक आकर्षक पाऊचांवर हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. हे विधान बहुधा 'आफ्को'च्या किंवा युरोपातील पाळीव प्राण्यांच्या खाद्य उत्पादकांच्या 'फेडिआफ' या महासंघाच्या प्रमाणांशी जोडलेले असते. 'आफ्को' स्वतः कोणत्याही खाद्याची तपासणी करत नाही किंवा त्याला मान्यता देत नाही, त्यामुळे 'आफ्कोमान्य' असा दावा दिसला तर सावध व्हावे. भारतीय मानक ब्यूरोनेही कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक ठरवले आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ते वजन शिजवण्यापूर्वीचे असते. 'ताजी कोंबडी' यादीत पहिली दिसली तरी तिचे जवळपास तीन चतुर्थांश वजन पाण्याचे असते. याउलट कोंबडीचा वाळवलेला चुरा तिसऱ्या क्रमांकावर असूनही अधिक प्रथिने देत असू शकतो. 'बाय-प्रॉडक्ट' हा शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. काळीज, फुप्फुस, मूत्रपिंड, प्लीहा हे अवयव त्यात मोडतात, आणि शिकारी प्राणी भक्ष्याचे हेच भाग आवडीने खातो.

सुक्या आणि ओल्या खाद्याची तुलना पाणी वजा केल्याशिवाय करू नये. ओल्या खाद्यावर प्रथिने ८ टक्के आणि पाणी ७८ टक्के लिहिले असेल, तर उरलेल्या २२ भाग कोरड्या अन्नात ८ भाग प्रथिने आहेत, म्हणजे सुमारे ३६ टक्के. सुक्या खाद्यावर प्रथिने २६ टक्के आणि पाणी १० टक्के असेल, तर कोरड्या हिशेबाने ती सुमारे २९ टक्के होतात. वरवर पाहता गरीब दिसणारे खाद्य इथे सरस ठरते.

लेबलवर जे कधीच नसते तेही विचारावे. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन या जागतिक संघटनेच्या पोषणविषयक मार्गदर्शनात कंपनीला विचारायचे प्रश्न दिले आहेत: सूत्र कोणी आखले व त्याची पात्रता काय, खाद्य प्रत्यक्ष प्राण्यांना देऊन पाहिले आहे का, ते कोणत्या कारखान्यात बनते, दर्जानियंत्रण कसे होते, १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत. ग्राहकसेवेला ईमेल करून हे प्रश्न विचारावेत. सरळ उत्तर देणारी कंपनी आणि टाळाटाळ करणारी कंपनी यांतला फरक जाहिरातींपेक्षा या पत्रव्यवहारातून अधिक स्पष्ट होतो.

धान्यविरहित, म्हणजे 'ग्रेन-फ्री' खाद्य अधिक आरोग्यदायी असते का?

निरोगी कुत्र्यासाठी ते अधिक आरोग्यदायी असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केले की, वाटाणा, मसूर, इतर कडधान्ये किंवा बटाटा मुख्य घटक असलेले खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांत हृदय फुगण्याच्या आजाराच्या नोंदी येत असून त्यांची चौकशी सुरू आहे. यांतील अनेक खाद्ये 'ग्रेन-फ्री' म्हणून विकली जाणारी होती, आणि आजारी कुत्र्यांत या विकाराकडे आनुवंशिक कल नसलेल्या जातीही होत्या. कार्यकारणसंबंध निर्णायकपणे सिद्ध झाला नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने नवी ठोस माहिती मिळेपर्यंत पुढील निवेदने न देण्याचे ठरवले. तरीही धान्य वगळण्यातून सिद्ध झालेला लाभ काही नाही आणि शंका मात्र शिल्लक आहे; अशा वेळी जास्त पैसे देऊन ती शंका घरात आणण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. कुत्र्यांच्या खऱ्या अन्नॲलर्जीत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि कोंबडी यांचा वाटा धान्यांपेक्षा मोठा आहे, आणि खाजेचे कारण तर बहुतेक वेळा गोचीड-पिसवांत किंवा वातावरणातील ॲलर्जीत असते.

उत्तम खाद्य दिले की प्रमाणाची काळजी करायची गरज नाही, हे खरे का?

हे खरे नाही, आणि या बाबतीतला पुरावा इतर कोणत्याही मुद्द्यापेक्षा भक्कम आहे. अमेरिकेत प्युरिना कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या एकाच वेतातील जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास केला. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीतील दोघांनाही एकच खाद्य दिले जात होते, फक्त एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, तर जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे, शिवाय सडपातळ कुत्र्यांत सांधेदुखीसारखे दीर्घकालीन विकार उशिरा उद्भवले. खाद्य तेच, दर्जा तोच, आणि तरीही जवळपास दोन वर्षांचा फरक! कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे किती, हे ज्याने कुत्रा गमावला आहे त्याला सांगावे लागत नाही.

गरजेचा अंदाज असा येतो. निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ, १० किलो वजनाच्या स्पिट्झला दिवसाला साधारण ६३० कॅलरी लागतात, आणि खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे सुमारे ६० कॅलरींपेक्षा, जास्त असू नये. तूप लावलेली एक पोळी या मर्यादेच्या दुप्पट भरते. घरातील आजी सकाळी एक पोळी देते, मुले संध्याकाळी बिस्किटे देतात, आणि दाण्यांची वाटी भरलेली असतेच. यात प्रेमाची कमतरता नाही, पण कुत्र्याच्या गुडघ्यांवर आणि हृदयावर भार पडतो. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर सहज लागाव्यात आणि वरून पाहता कंबर दिसावी, ही खूण दर महिन्याला तपासावी. दाणे वाटीने मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजावेत.

महागडे खाद्य प्रत्यक्षात किती महाग पडते?

किलोच्या दरावरून हे ठरवू नये. समजा, एका खाद्यात किलोला ३,२०० कॅलरी आहेत आणि त्याची किंमत २५० रुपये आहे. दुसऱ्यात ४,००० कॅलरी असून किंमत ४०० रुपये आहे. ३० किलो वजनाच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला सुमारे १,४३५ कॅलरी लागत असतील, तर पहिले खाद्य ४४८ ग्रॅम द्यावे लागेल आणि खर्च ११२ रुपये येईल. दुसरे ३५९ ग्रॅम पुरेल आणि खर्च १४४ रुपयांच्या आसपास होईल. किलोमागे दिसणारा ६० टक्क्यांचा फरक रोजच्या ताटलीत २८ टक्क्यांवर येतो. तेवढा परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नये. परिपूर्ण असलेले स्वस्त खाद्य योग्य प्रमाणात देणे हे उत्तम पालकत्वच आहे.

नामांकित किंवा महाग खाद्य नेहमी सुरक्षितच असते का?

तशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत 'मेन्यू फूड्स' या उत्पादक कंपनीने कोट्यवधी डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातील प्रथिनात) मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळलेले होते. नायट्रोजन मोजणाऱ्या चाचणीत त्यामुळे प्रथिने जास्त दिसत. मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल यांचे स्फटिक मूत्रपिंडात साचून अनेक कुत्री-मांजरे मेली. एकाच कारखान्यातून निघालेला माल स्वस्त आणि महाग अशा अनेक नावांनी विकला जात होता. २०१९ मध्ये हिल्स या मोठ्या कंपनीनेही ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर असल्याने कुत्र्यांचे डबाबंद खाद्य परत मागवले. नियंत्रण असलेली कंपनी चूक लवकर पकडते आणि माल परत घेते. म्हणून पाकिटावरचा बॅच क्रमांक महिनाभर तरी जपून ठेवावा.

आपल्याकडे आणखी एक धोका घराजवळच असतो. अनेक दुकानांत मोठे पोते उघडून दाणे सुटे विकले जातात. पावसाळी हवेत असे दाणे ओलावा धरतात, त्यातील मेद खवट होतो, आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करू शकते. सुट्या मालावर ना बॅच क्रमांक असतो, ना मुदतीची तारीख. लहान का होईना, बंद पाकीट घ्यावे आणि दाणे मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

कच्चे मांस देणे नैसर्गिक आणि म्हणून अधिक चांगले नाही का?

कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जिवाणू असतात. गोठवल्याने ते मरत नाहीत, आणि घरातील लहान मुले व वृद्ध यांनाही त्यांची लागण होऊ शकते. बर्ड फ्लूमुळे हा धोका आता वाढला आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावला, आणि त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. दूषित कोंबडीच्या मांसातून तो आल्याची शंका घेतली गेली. अमेरिकेत त्याच महिन्यात कच्चे गोठवलेले खाद्य खाल्लेले एक घरगुती मांजर याच विषाणूने दगावले. मांजर या विषाणूला फार लवकर बळी पडते. मांस शिजवूनच द्यावे, आणि शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत, कारण त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगल्या खाद्यासोबत कॅल्शियमचे सिरप द्यावे का?

देऊ नये. ग्रेट डेन, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या पिल्लांना आतड्यातून शोषले जाणारे जादा कॅल्शियम रोखता येत नाही, आणि त्याने हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांसाठी खाद्यातील कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के आहे. परिपूर्ण 'पपी' खाद्यात ते पुरेसे असते. वरून सिरप घातले की आखलेला समतोल मोडतो.

आमचे घर शाकाहारी आहे. प्राण्याला शाकाहारी खाद्य देता येईल का?

प्रौढ कुत्र्याला नीट आखलेल्या, परिपूर्ण असे स्पष्ट लिहिलेल्या शाकाहारी खाद्यावर ठेवता येते. अंडी आणि पनीर चालत असतील तर काम आणखी सोपे होते. मांजराला शाकाहारी ठेवू नये. घरात मांस आणणे शक्यच नसेल, तर मांजराऐवजी दुसरा प्राणी पाळावा.

आजारपणात पशुवैद्यक सुचवतात ती विशेष खाद्ये उपयोगी असतात की तो निव्वळ व्यवसाय असतो?

काही आजारांत ही खाद्ये औषधाइतकीच महत्त्वाची असतात. मूत्रपिंडविकार असलेल्या ४५ मांजरांवर दोन वर्षे झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीचे खाद्य खाणाऱ्या गटातील सुमारे २६ टक्के मांजरांना रक्तात विषारी द्रव्ये साचण्याचा झटका आला. फॉस्फरस व प्रथिने मर्यादित असलेले खाद्य खाणाऱ्या गटात एकालाही आला नाही. लघवीतील स्ट्रुव्हाइट प्रकारचे खडे योग्य खाद्याने विरघळवता येतात आणि शस्त्रक्रिया टळते. खाद्याच्या दर्जाचा आरोग्यावर थेट परिणाम पाहायचा असेल, तर तो इथे सर्वांत ठळकपणे दिसतो. निदान झाल्याशिवाय मात्र ही खाद्ये स्वतःहून सुरू करू नयेत.

खाद्य बदलल्यावर फरक किती दिवसांत दिसतो, आणि बदल कसा करावा?

सात ते दहा दिवसांत, जुन्या खाद्यात नव्याचे प्रमाण रोज थोडे वाढवत बदल करावा. विष्ठेतील फरक आठवड्या-दोन आठवड्यांत कळतो. केसांची चमक आणि त्वचा सुधारायला सहा ते आठ आठवडे लागतात. वजन आणि स्नायूंसाठी काही महिने धीर धरावा. मांजराच्या बाबतीत घाई मुळीच करू नये. 'भूक लागली की खाईल' या विचाराने नवेच खाद्य पुढे ठेवून उपाशी ठेवले, तर मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून प्राणघातक विकार होऊ शकतो. मांजराने पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर जुने खाद्य परत सुरू करावे, आणि तेही ते खात नसेल तर त्याच दिवशी त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.